ज्याला लागला त्याने सांगायचं

आमच्या शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. संपादक मंडळाने मला म्हटलं, "महाजन सर, सगळ्यात जास्त वर्षं तुम्ही इथे काढलीत, एखादं व्यक्तिचित्र द्या." मी पावरा मॅडमवर लिहून दिलं. आठ दिवसांनी लेख लिफाफ्यात परत आला. सोबत चिठ्ठी होती, "सर, लेख चांगला उतरलाय. पण प्रसंग आनंदाचा आहे."

त्यांचं काही चुकलं नाही. लेखाचं दुसरंच वाक्य असं होतं की जमना पावरा या बाईंची नोकरी माझ्यामुळे गेली, आणि हे मी अकरा वर्षं कोणाला सांगितलं नाही.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. गणित शिकवतो, फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ. कमी बोलणाऱ्याला लोक सज्जन समजतात. या समजाचा मी पुष्कळ फायदा घेतला.

मॅडम आल्या त्या तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घ्याल तितक्याच वेळेपुरते तुम्ही शिक्षक. मे महिन्यात तुम्ही शाळेचे कोणी नाही आणि जूनमध्ये बोलावणं आलं तर परत यायचं. आमच्या शाळेत अशांची नावं हजेरीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहायची पद्धत होती. खोडायला सोपं पडावं म्हणून. शारीरिक शिक्षणाची पक्की जागा लवकरच निघणार होती आणि ती आपल्याला मिळावी एवढंच मॅडमना हवं होतं. ते त्यांनी कधी लपवलं नाही.

"सर, एकदा शाईने नाव लागलं ना, की आईला धुळ्याला आणते," त्या म्हणायच्या. "पाड्यावर एकटी आहे. गुडघे गेलेत आणि अजून मोहाची फुलं वेचायला जाते."

पाडा शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरी पावसावरची थोडी जमीन. उंची माझ्यापेक्षा टीचभर जास्त, पंजे रुंद. शाळेत बायांनी साडीच नेसायची असा नियम होता. मॅडम साडी नेसायच्या, पण खाली ट्रॅकपँट आणि पायात कॅनव्हासचे बूट. मुख्याध्यापकांनी एकदा बुटांकडे बोट दाखवलं, तर म्हणाल्या, "सर, नियमात साडीचं लिहिलंय, साडीच्या खालचं नाही." कमरेला एक छोटी पिशवी असायची, तिच्यात भाजलेले शेंगदाणे. चहा उभ्यानेच प्यायच्या. गळ्यात शिट्टी होती, पण ती वाजलेली मी सहा वर्षांत ऐकली नाही. "शिट्टी वाजवली की पोरं माझ्याकडे बघतात. त्यांनी एकमेकांकडे बघायला पाहिजे."

रागीट होत्या, हेही लिहायला हवं. कागदाचं काम समोर आलं की चिडायच्या. खेळाच्या तासाला पोर्शन मागे पडलाय म्हणून कोणी वर्ग मागितला की दारात आडव्या उभ्या राहायच्या. "तुमचा तास मी मागायला येते का?" यावरून स्टाफरूममधले निम्मे लोक त्यांच्याशी बोलत नसत.

बीपीएडला असताना कुठल्याशा शिबिरात त्या टच फुटबॉल शिकल्या होत्या. नावात फुटबॉल असला तरी यात पायाचं काम पळण्यापुरतंच. लांबट चेंडू हातात घेऊन समोरच्या रेघेपलीकडे टेकवायचा. पास द्यायचा तो मागे किंवा बाजूला, पुढे कधीच नाही. ढकलायचं नाही, पाडायचं नाही. समोरच्याचा हात अंगाला लागला की जागच्या जागी थांबून चेंडू खाली ठेवायचा आणि पुन्हा सुरू करायचं. सहा वेळा लागला की चेंडू दुसऱ्या संघाला.

शाळेकडे तसा चेंडू नव्हता. मॅडमनी जुन्या जीन्सचा पाय कापला, त्यात कापूस ठासला आणि दोन्ही टोकं शिवून टाकली. जे तयार झालं त्याला पाहून पहिल्याच दिवशी पोरं म्हणाली, "हाई तर भरताचं वांगं शे." पुढे खरा चेंडू आला, तोही वांगंच राहिला.

"आज आपण पास शिकू" असं वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. त्या फक्त खेळ लावायच्या, आणि खेळ संपेपर्यंत पोरांच्या हातापायांना काहीतरी आलेलं असायचं. मागे पास द्यायला शिकवायचं तर त्यांचा बाजाराचा खेळ होता. "आठवडे बाजारात आई पुढे चालते. भाजी घेतली की मागे न बघता पिशवी मागे करते. घ्यायला तुम्ही असताच ना?" मग चौघंचौघं तिरक्या रांगेत पळायचे. प्रत्येकाने एकेक भाजी व्हायचं. ज्याच्या हातात चेंडू त्याने मागे बघायचं नाही. मागच्याने आपलं नाव ओरडायचं आणि आवाजाच्या रोखाने चेंडू मागे यायचा. सगळं मैदान "मेथी, मेथी", "गिलकं, गिलकं" करत पळायचं. मुख्याध्यापकांनी एकदा शिपायाला पाठवलं, "भाजीवाल्याला आत कोणी सोडलं बघ जरा."

बचावाची फळी एका ओळीत कशी हलते हे त्यांनी आईच्या जुन्या लुगड्यावर शिकवलं. सहा मुलींनी ते लांबसडक लुगडं ओळीने धरायचं आणि एकदम पुढे धावायचं, एकदम मागे यायचं. लुगडं कुठे ढिलं पडलं नाही पाहिजे, कोणाच्या हाताला ओढ बसली नाही पाहिजे. जी एकटी पुढे पळाली तिच्यामुळे ते फाटायला यायचं. "बठ्ठा संगे," मॅडम ओरडायच्या. "संगे पुढे, संगे मांगे." ऑफिसात त्या जपून प्रमाण मराठी बोलत. मैदानावर पोरांची अहिराणी. त्यांची स्वतःची पावरी फक्त फोनवर, आईशी.

एकदा नववीतल्या एका मुलीचे वडील, मुलगी मुलांसोबत खेळते म्हणून तावातावाने मैदानावर आले. "मॅडम, मनी आंडेर पोऱ्यासंगे खेळस, हाई काय शे?"

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, उनात ना तुम्ही, मंग हाई लुगडं धरा जरा. एक पोर कमी शे."

त्यांना काय सुचलं देव जाणे, त्यांनी धरलं. दहा मिनिटांनी ते धापा टाकत बांधावर बसले होते आणि आपल्याच मुलीला सांगत होते, "तू डावीकडे ढील सोडी ऱ्हायनी." तक्रार तिथेच राहिली.

आता त्या नियमाबद्दल, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

मॅडमच्या खेळात पंच नव्हता. हात लागला की नाही हे ज्याला लागला त्यानेच सांगायचं. हात वर करायचा आणि म्हणायचं, "लागना." हात लावणाऱ्याने ओरडायचं नाही, बघणाऱ्यांनी तर तोंडच उघडायचं नाही. आमचं मैदान काळ्या मातीचं. चेंडू निसटू नये म्हणून पोरं हात मातीत घासायची, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांचे कपडे काळे. पाठीवरचा कुठला पंजा आत्ताचा आणि कुठला मघाचा, कोणी सांगू शकत नसे. ज्याचं त्यालाच ठाऊक.

एका दुपारी आठवीचा खेळ चालला होता. मी वरच्या वर्गाच्या खिडकीतून पाहत होतो. एकाएकी गलका झाला. कोणाला तरी लागला होता आणि तो बोलला नव्हता. सगळे एका दांडगट पोराकडे बोट दाखवत होते. मॅडमनी काही विचारलं नाही. त्या मैदानाच्या मधोमध फतकल मारून बसल्या, केसातली पिन काढली आणि नखातली माती काढायला लागल्या.

"मॅडम, खेळ?"

"माले घाई नही."

ऊन चांगलंच होतं. पोरं उभी राहिली, मग उकिडवी बसली, मग कुरकुरायला लागली. मॅडमची दहा नखं झाली, त्या पुन्हा पहिल्यापासून लागल्या. माझा अर्धा तास संपत आला तेव्हा अगदी कडेला उभी असलेली, जिच्याकडे कोणी पाहतही नव्हतं अशी एक किडकिडीत मुलगी पुढे आली. हात वर केला. "मॅडम, माले लागना व्हता."

मॅडम उठल्या, साडी झटकली, चेंडू तिच्याच हातात दिला. "चला." ना शाबासकी, ना शिक्षा.

मी स्टाफरूममध्ये म्हटलं, "तास वाया गेला की तुमचा."

"कसा? आजच तर शिकवलं काहीतरी."

माझी मुलगी रेवती तेव्हा आमच्याच शाळेत होती. नववीपासून ती मॅडमच्या मुलींच्या संघात. घरी आली की जेवताना ताटावर भाकरीचे तुकडे मांडून चाली समजावायची. माझी बायको म्हणायची, "अगं, जेव आधी, तुझी मेथी गार झाली."

रेवती दहावीत गेली त्या वर्षी शिक्षक दिनाला, आमच्याकडच्या प्रथेप्रमाणे, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा सामना होता. दहावीच्या मुली आणि आम्ही. मी सहसा अशा भानगडीत पडत नाही, पण त्या दिवशी सगळ्यांनी ओढलं. पांढरा कोरा शर्ट होता. खेळ संपत आला असताना चेंडू माझ्या हातात आला आणि मी पळालो. आयुष्यात एवढा पळालो नव्हतो. मागे रेवती होती. तिचा हात माझ्या पाठीवर लागला. हे मी आज सरळ लिहितोय, लागला. उघडा, पूर्ण पंजा. मी थांबलो नाही. रेघेपलीकडे जाऊन चेंडू टेकवला. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती.

रेवती धापा टाकत समोर आली. नियम मोडून ती म्हणाली, "बाबा, लागला."

मी म्हटलं, "नाही लागला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी हसलो, तिच्या डोक्यावर टपली मारली. गमतीचा सामना, त्यात काय. मॅडम बाजूला उभ्या होत्या.  नंतर स्टाफरूममध्ये मी पाणी पीत असताना मागून आवाज आला, "सर, तुम्हना शर्टवर पाच बोटे शेतस."

मी बाथरूममध्ये जाऊन शर्ट काढला. पांढऱ्या पाठीवर एकच पंजा, काळाभोर, पाचही बोटं वेगवेगळी. मला इतका धक्का बसला की मी तो शर्ट तिथेच नळाखाली धुवायला घेतला. मी ओल्या शर्टानेच घरी गेलो.

पंधरा दिवसांनी रेवतीने मैदानावर जाणं बंद केलं. "दहावी आहे," म्हणाली. मला बरंच वाटलं.

त्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या. संघ पुढे गेला तर दहावीच्या मुलींना वाढीव गुण मिळणार होते. खेळाडूंची नावं प्रवेशिकेवर भरून पाठवायची होती. मॅडमनी कोऱ्या प्रवेशिकेवर सही केली आणि कागद माझ्यासमोर ठेवला. मी पर्यवेक्षक होतो, दहावीचं सगळं माझ्याकडे होतं.

"सर, नावं तुम्हाला पाठ आहेत. तुम्हीच भरा. माझं अक्षर साहेबांना वाचता येणार नाही."

कोऱ्या कागदावर सही. ही मॅडमची चूक, आणि ती त्यांनी केली कारण समोर मी होतो. दुसऱ्या कोणाला त्यांनी तसा कागद दिला नसता.

त्याच दुपारी संस्थेच्या एका संचालकांचा फोन आला. त्यांची पुतणी दहावीत होती, तिचं नाव यादीत बसतं का बघा. बघा म्हणजे बसवा, हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. मी त्याच कागदावर छापायची यादी संगणकावर टाइप करत होतो. राखीव खेळाडूंच्या दोन जागा रिकाम्या होत्या. एका जागी त्या पुतणीचं नाव टाकलं. दुसरी जागा तशीच दिसत होती. रेवती सप्टेंबरपर्यंत खेळलीच होती की, मी स्वतःला सांगितलं. तिचंही नाव टाकलं. हात अडखळला असता तर आज लिहायला बरं वाटलं असतं. अडखळला नाही.

संघ जिल्ह्यात पहिला आला. पुढे जळगावला खेळून आला. मॅडमनी शाळेच्या फाटकातून त्या मुलींना चेंडूसकट नाचत आणलं. पक्की जागा त्याच उन्हाळ्यात भरायची होती आणि सगळे म्हणत होते, आता पावरा मॅडमची शाई पक्की.

मग कोणीतरी तक्रार केली. कोणी, ते कधी कळलं नाही.

चौकशीला आलेले साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले. मॅडम, मी, मुख्याध्यापक. साहेबांनी संघातल्या एका मुलीला बोलावून यादी दाखवली. "या दोघी तुझ्यासोबत खेळल्या का?"

मुलगी म्हणाली, "रेवती आधी होती, मग नाही. आणि हिले तर मी मैदानवर कधी देखंच नही."

मुलगी गेली. साहेबांनी मॅडमना विचारलं, "ही नावं कोणी घातली?"

मला वाटलं आता त्या माझं नाव घेणार. घ्यायलाच हवं होतं. मॅडमनी यादी हातात घेतली, वाचली. त्यांना ती नावं त्याच क्षणी पहिल्यांदा दिसत होती हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मग त्यांनी यादी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. फार वेळ नाही. खुर्चीत नीट मागे सरकून बसल्या, केसातली पिन काढली आणि नखं साफ करायला लागल्या.

साहेब म्हणाले, "मॅडम, मी काहीतरी विचारतोय."

"जरा थांबा साहेब. मला घाई नाही."

"मला आहे."

पिन पुढच्या नखाकडे गेली. खोलीत पंख्याचा आवाज होता. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता, त्यात एक कचरा तरंगत होता, मी त्या कचऱ्याकडे पाहत होतो. त्या कोणासाठी थांबल्यात हे खोलीत फक्त दोघांना ठाऊक होतं. हात वर करायला किती वेळ लागतो. मी तोंड उघडलं, हे खरं आहे. उघडलं आणि म्हणालो, "मुख्याध्यापक सर, साहेबांना चहा सांगू का?"

मॅडमनी पिन परत केसात खोचली.

"सही माझी आहे साहेब," त्या म्हणाल्या. एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

दोन्ही नावं रद्द झाली, म्हणजे रेवतीला गुणही मिळाले नाहीत. पक्की जागा दुसऱ्याला गेली. मॅडमना जूनमध्ये बोलावणं गेलं नाही. हजेरीपुस्तकातलं नाव क्लार्कने खोडलं तेव्हा मी योगायोगाने शेजारीच उभा होतो. खरंच सोपं होतं, खोडरबर दोनदा फिरवलं. त्या सामान न्यायला आल्या तेव्हा मी वर्गात होतो. तास नसताना होतो.

अकरा वर्षं. या काळात मी उपमुख्याध्यापक झालो, एरंडोलच्या सासुरवाडीत मला जास्त मान मिळू लागला, रेवती शिकून धुळ्यातच बँकेत लागली. घरी पावरा मॅडमचं नाव निघालं नाही. मला वाटायचं रेवती विसरली. महिन्यातून एखाद्या शनिवारी ती शिरपूरला जायची, मैत्रीण आहे म्हणायची. मैत्रीण कोण, हे मी कधी विचारलं नाही. मी म्हटलंच, मी कमी बोलतो.

गेल्या हिवाळ्यात एका परीक्षेच्या कामासाठी मला शिरपूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत पाठवलं. डोंगराला टेकलेली शाळा, पत्र्याची लांब इमारत. काम आटपून बाहेर आलो तर इमारतीच्या मागून आवाज आले. "मेथी, मेथी. गिलकं, गिलकं."

माझे पाय तिथेच थांबले. मग मागे गेलो. केस निम्मे पांढरे झालेले, बाकी तेच. साडी, ट्रॅकपँट, कॅनव्हासचे बूट. पोरांना खेळायला सोडून त्या माझ्याकडे आल्या.

"महाजन सर. या. चहा सांगते." पिशवीतून मूठभर शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "आई आहे अजून. इथेच असते माझ्याजवळ, मागच्या खोलीत. अजून फुलं वेचायला जाते, ऐकत नाही."

मी उभ्याउभ्याच बोललो. अकरा वर्षं जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आलं नाही. "मॅडम, त्या यादीत ती नावं मी घातली होती."

"माहीत आहे सर."

"तुम्हाला तेव्हा अंदाज आलाच असणार."

"अंदाज कसला, कागद मीच तुम्हाला दिला होता. शिवाय रेवती आली होती ना दुसऱ्या दिवशी, माझ्या खोलीवर. तिचं नाव यादीत होतं हे तिला वर्गात कळलं. रडत म्हणाली, मी खेळले नाही, माझं नाव खोटं आहे, मला लागला." मॅडमनी आपल्या नकळत हात वर केला होता, तो खाली घेतला. "नंतर येतच राहिली. इथेही येते. परवाच्या शनिवारी आली होती. लहान पोरींना लुगड्याचा खेळ तीच शिकवते आता."

माझ्या हातातले शेंगदाणे खाली पडले. घरात माझ्यासमोर बसून जेवणारी मुलगी. रोज. अकरा वर्षं.

"तिने मला कधी विचारलं नाही," मी म्हणालो.

"कसं विचारेल? ज्याला लागला त्याने सांगायचं. तिचं तिने सांगितलं. तुमचं ती कसं सांगेल? एकदा सांगून बघितलं तिने, शिक्षक दिनाला. त्यानंतरच सोडलं ना तिने मैदान."

दहावी आहे, म्हणाली होती. मी बाजूच्या दगडावर बसलो. मला त्या वेळी माफी मागायचंही भान राहिलं नाही. मी विचारलं, "मॅडम, मी आता काय करू? संस्थेला लिहू?"

त्या जरा रागावल्या. त्यांचा तो जुना, कागद समोर आल्यावरचा राग. "लिहा नाहीतर नका लिहू. मला काय सांगता, मला तर माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. जिला माहीत आहे पण तुमच्या तोंडून ऐकायचंय, तिला आधी सांगा."

त्या संध्याकाळी घरी रेवती भाजी निवडत होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "शिक्षक दिनाला मला लागला होता. आणि ती यादी मी भरली होती." तिचे हात थांबले. "बरं," ती म्हणाली. मग जुडीतली अर्धी मेथी माझ्याकडे सरकवली. आम्ही दोघांनी ती निवडली. आतून बायकोने विचारलं, "आज बापलेक एवढे शांत का?" तिलाही मी त्याच रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवशी संस्थेला पत्र दिलं. उत्तर अजून आलेलं नाही. मग ही स्मरणिका निघाली, तिचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

पण पावरा मॅडम मला आता दिसतात त्या आश्रमशाळेतल्या त्या दुपारच्या. मी निघालो. शाळेपासून फाटा जवळच, तिथून मैदान पूर्ण दिसतं. एसटीची वाट पाहत उभा होतो तर तिकडे एकदम गलका झाला आणि खेळ थांबला. सगळी पोरं एका मोठ्या मुलाकडे हात करत होती. मॅडम मैदानाच्या मधोमध गेल्या आणि फतकल मारून बसल्या. एवढ्या लांबून पिन दिसणं शक्य नव्हतं, पण त्यांचा हात केसांकडे गेलेला दिसला.

एसटी आली. कंडक्टर म्हणाला, "आबा, येता का?"

मी म्हटलं, "जाऊ द्या. पुढच्या गाडीने येतो."

"पुढची दीड तासाने आहे."

"असू द्या."

गाडी गेली, धुरळा बसला. मॅडम तशाच बसलेल्या. पोरं उभी होती, मग एकेक करून बसली. डोंगराची सावली मैदानाच्या कडेपर्यंत आली. मी उभाच होतो. मग सगळ्यात मागे, जिथे कोणी पाहत नव्हतं तिथे, एक लहानसा हात वर झाला. मॅडम उठल्या, साडी झटकली आणि चेंडू तिकडे टाकला.